बिनगाठीचा दोरा

मश्दी कुर्बान पिंजाऱ्याची धनुकली थांबून घटका झाली, तरी तिचा तुणतुण नाद मोनीरच्या कानातून गेला नव्हता. डाळिंबाच्या झाडावर, चहाच्या सामोवाराच्या तोटीवर, तिच्या स्वतःच्या भुवयांवर कापसाचे तंतू बसले होते. अलवंद डोंगराच्या माथ्यावर बर्फ अजून उतरला नव्हता. ह्या अंगणात मात्र तो सकाळीच पडून गेला होता.

ओसरीवर तिनं सगळं मांडून ठेवलं. खाली पांढरं अस्तर, त्यावर पिंजलेल्या कापसाचा सारखा थर, वर डाळिंबी अतलस. अतलसवर खडूनं काढलेल्या कोयऱ्या, चार कोपऱ्यांना चार सरूची झाडं, आणि मधे एक वर्तुळ, ताटाएवढं. दोरे मेण लावून गुंडाळले होते. बोटांत घालायची अंगुस्तानं पुसून वाटीत ठेवली होती. आता फक्त सुई लावायची बाकी होती, आणि सुई तिनं लावायची नव्हती.

नवरीच्या रजईला सुई लावायची ती नशीबवान बाईनं. जिचा नवरा पहिलाच आणि हयात, जिची लेकरं जगली. विधवेनं नाही, आणि माहेरी परत आलेलीनं तर नाहीच नाही. मोनीर परत आलेली होती. एका वसंतात गेली आणि पुढचा यायच्या आत आली. तेव्हापासून भावाच्या, रहमतच्या, घरात वरची खोली तिची. शाळेत मुलींना चित्रकला शिकवली, आणि त्यातून हात मोकळा झाला की गोधड्या शिवल्या. तुयसरकान गावातलं एकही तान्हं मूल तिच्या चाळीस तुकड्यांच्या गोधडीवाचून वाढलेलं नव्हतं. रोटीभट्टीवाल्याची जुळी असोत, पोस्टमनची नात असो, कुणी पैसे पुढे केले की ती हसायची. "हौस आहे हो. हौसेला कुणी भाव लावतं का?"

तान्ह्यांच्या गोधडीला तिचा हात चालत होता. नवरीच्या रजईला नाही. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात राहायची, चहा करायची, अक्रोड सोलायची.

दुसरा नियम असा, की नवरीच्या रजईत दोऱ्याला गाठ मारायची नाही. रजईत गाठ पडली तर संसारात पडते. आता बिनगाठीचा दोरा टिकायचा कसा? नशीबवान बायका गाणी म्हणत, एकमेकींना कोपरखळ्या मारत, वीतवीतभर टाके घालायच्या आणि उठायच्या. मग रजई एक रात्र त्याच घरी निजायची, वरच्या खोलीत. उजाडताना मोनीर दाराला कडी घालून खिडकीपाशी बसायची आणि सगळे दोरे पुन्हा घालायची. गाठ नाहीच, दोऱ्याला त्याच्याच पाठीवरून दोनदा माघारी आणायचं, की तो आपणच आपल्याला धरून राहतो. थोरल्या बहिणीच्या, अकदसच्या, लेकीची रजई, रहमतच्या बायकोची, चुलत भावांच्या सुनांची, सगळ्या ह्याच ओसरीवर शिवलेल्या, सगळ्या अशाच. कुणाला कळलं नव्हतं, आणि कळू नये म्हणूनच तिचा हात इतका निर्धास्त चालायचा.

आणि आज गोलनारची. रहमतची लेक, पण सुईत दोरा ओवायला, खडू कसा धरायचा ते, रुसून बसायला सुद्धा मोनीरच्या मांडीवर शिकलेली.

"अगं, जाड नाकाच्या सुया आण," अकदस जिना चढताना धापा टाकत म्हणाली. "मला आता सुईचं नाक दिसत नाही. नवऱ्याचं दिसतं ते फार मोठं आहे म्हणून."

"आपा, जरा हळू. हमदानच्या विहीणबाई येतील एवढ्यात."

"येऊ देत. त्यांनाही नवरा आहे." अकदसनं अंगावरची चादोर खांबाला अडकवली आणि आवाज उतरवला. "ती आहे का गं घरात?"

ती म्हणजे तूरान, रहमतची बायको. गेल्या हंगामात अक्रोडाच्या बागेची वाटणी झाली तेव्हापासून अकदस आणि तिच्यात "या, बसा, चहा घ्या" एवढंच उरलं होतं. मोनीरशी तूरान कधी भांडली नव्हती. पण जवळही आली नव्हती. इतक्या वर्षांत तिनं कधी आवाज चढवला नाही, कधी गळ्यात हात टाकला नाही. मोनीरनं मनाशी धरलं होतं की परत आलेल्या नणंदेला घरात ठेवून घेणं एवढंच तिच्याकडून व्हायचं, आणि ते पुष्कळ होतं.

विहीणबाई आल्या. एहतराम-खानम, उंच, ताठ, बरोबर दोन जावा. दृष्ट काढायला इस्फंदच्या बियांची धुरी त्यांच्या डोक्यावरून फिरवली, नुकत्या सोललेल्या अक्रोडांची थाळी पुढे आली. खडीसाखर दाताखाली धरून पहिला पेला संपवला आणि मगच त्या बोलल्या.

"शुक्रवारी निकाहाच्या वेळी पोरीच्या डोक्यावर कापड धरून सात रंगांच्या दोऱ्यांनी माझी जीभ शिवणारच आहात तुम्ही. सासूची जीभ म्हणून त्या कापडात टाके घालायचा रिवाजच आहे. तेव्हा तोवर बोलून घेते."

सगळ्या हसल्या. तूरानही ओठांच्या कोपऱ्यातून हसली.

"तर बोलायचं असं, की ट्रक उद्याचा आज केलाय. दीर म्हणाले, उद्या घाटात बर्फ पडेल. दुपारी आंदण उचलू. रजईही बरोबरच नेऊ."

स्वयंपाकघराच्या खिडकीआड मोनीरच्या हातातला अक्रोड तसाच राहिला.

"रजई एक रात्र माहेरी निजते आमच्याकडे," तूरान म्हणाली.

"अहो, मग आमच्याकडे निजेल. नवरी तरी कुठं माहेरी निजायची आहे आता?"

तूराननं स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. क्षणभरच. मोनीरला वाटलं, चहाला उशीर झाला म्हणून पाहते आहे.

बिस्मिल्ला म्हणून अकदसनं पहिली सुई लावली. मग तूराननं, मग विहिणीच्या जावांनी. रजईच्या चारी बाजूंनी गुडघे टेकले, अतलस सळसळलं, आणि अकदसच्या भरड गळ्यातून गाणं निघालं:

सुई पुढं दोरा मागं, चाले रेशमाची वाट
माझ्या लेकीच्या नशिबी, नको नको बाई गाठ
डाळिंबीचं अतलस, त्याच्या पोटात कापूस
माझ्या लेकीला ग थंडी, तिथं नको लावू पुस

"पुस म्हणजे पौष? महिना थंडीचा आहे खरा, पण कापसाला जुळवायला आणलात ना?" एक जाऊ म्हणाली.

"तू चांगला आण. मी गेली तीस वर्षं हाच आणते आहे."

गोलनार स्वयंपाकघरात आली. तिच्या हातांना काही काम नव्हतं. नवरीनं आपल्या रजईला हात लावायचा नसतो.

"आत्या, दोरा निसटतोय."

"नवा असला की निसटतो."

"मला सांगू नकोस. मी बघितलं. अकदस आत्यानं सरूचं झाड शिवलं आणि आईनं पलीकडून ओढलं तर अर्धं झाड बाहेर आलं." ती हसायला गेली आणि मधेच थांबली. "तू का येत नाहीस?"

"तुला ठाऊक आहे."

"मला रिवाज ठाऊक आहे. मी विचारते आहे, तू का येत नाहीस?"

मोनीर अक्रोडाचं साल नखानं सोलत राहिली. बोटं काळी झाली होती. "हे बघ, उद्या तुझं आणि बेहरूजचं एखाद्या दिवशी वाजेल. सगळ्यांचं वाजतं. मग कुणीतरी म्हणेल, सुई कुणाची होती बाई? पोळी करपली तरी म्हणतील. मूल वेळेवर झालं नाही तरी म्हणतील. मला म्हणोत, मला सवय आहे. पण तू ते ऐकशील. आणि एखाद्या दिवशी, नको म्हटलं तरी, तुलाही वाटेल."

"मला नाही वाटायचं."

"बाळा, रात्रीची थंडी असते ना, ती माणसाला काहीही वाटायला लावते."

बाहेर गाणं थांबलं. एहतराम-खानमनी घडीचा अंदाज घ्यायला रजईचा कोपरा उचलला होता. त्यांनी कोपरा उचलला आणि दोरा अलगद, पाण्यातून साप सरकावा तसा, कोयरीमागून कोयरी सोडत निघून आला. किनार उघडली. डाळिंबी अतलसमधून पांढरा कापूस दिसला, डाळिंब तडकावं तसा.

धाकट्या जावेनं हळूच दोन बोटांनी स्वतःचा कान धरला.

"अपशकुन म्हणू नका हं कुणी," एहतराम-खानम म्हणाल्या. "शकुन-अपशकुन नाही हे. हे कच्चं काम आहे. हमदानला पोचेपर्यंत ह्याची उशीसुद्धा उरायची नाही. ट्रक यायला किती वेळ आहे?"

"पुन्हा शिवू," अकदस म्हणाली.

"तुम्हीच?"

अकदस गप्प झाली. असं फार वेळा होत नसे.

तूरान उठली. चप्पल न घालता ओसरीवरून आली, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि गोलनारला म्हणाली, "जा, पाहुण्यांना चहा दे." मग ती मोनीरसमोर खाली बसली. इतक्या जवळ ती कधी बसली नव्हती.

"वन्सं, हात धुवा."

"अक्रोडाचा रंग निघत नाही धुऊन."

"राहू दे रंग. मेण काढा बोटांचं. बाहेर चला."

मोनीरला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "तूरान, मी रजईला…"

"माझी रजई तुम्हीच शिवली होती." तूरान तिच्याकडे न बघता बोलत होती, थाळीतले अक्रोड एकीकडे सारत. "लग्नानंतरच्या पहिल्या शरदात धुवायला उसवली तेव्हा कळलं. सगळ्या बायकांचे टाके उजवीकडे कलतात. तिचे डावीकडे कललेले. ह्या घरात डावखुरं कोण आहे?"

सामोवार उकळत होता. मोनीरनं त्याची तोटी उगाच घट्ट केली.

"खरं सांगू? घाबरले मी. तेव्हा एकोणीस वर्षांची होते. इतक्या रात्री ती रजई अंगावर घेऊन निजलेली मी, आणि तिच्यात तुमची सुई. वाटलं, जाळून टाकावी. मग म्हटलं, बघू. काय होतं ते बघू." ती थांबली. "काहीच झालं नाही. रहमत होते तसे राहिले. पोरं झाली, गोवर आला, गोवर गेला. दर शरदात मी उसवायची, धुवायची आणि तुमच्याकडे आणून द्यायची. डोळे दुखतात म्हणायची. माझे डोळे कधी दुखले नाहीत हो वन्सं. अजून सुईत पहिल्या फटक्यात ओवते."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही शिवायचं थांबवलं असतं."

इतकी वर्षं ती ज्याला दुरावा समजत होती तो दुरावा नव्हताच. भावजय तिच्या गुपितावर पांघरूण घालून बसली होती, आणि पांघरूण हलू नये म्हणून तीही हलली नव्हती.

"आता सगळ्यांसमोर…" मोनीर म्हणाली. "उद्या काही झालं तर?"

"झालं तर माझ्यावर येऊ दे. सुई मी देते आहे. नवरीची आई आहे मी."

ओसरीवर मोनीर आली तेव्हा उन्हाची तिरीप रजईच्या मधल्या वर्तुळावर आली होती. तूराननं आपल्या हातातली सुई, ओवलेली, पुढे केली. मोनीरनं ती डाव्या हातात घेतली.

"ह्या कोण?" एहतराम-खानमनी विचारलं. चहा देणारी म्हणून त्यांनी तिला पाहिलं होतं, एवढंच.

"माझी नणंद. ह्यांनीच सगळं आखलं, कापूस बसवला."

"यजमान काय करतात ह्यांचे?"

"त्यांनी दुसरा संसार केला," मोनीर म्हणाली. "मी वर्षाच्या आत परत आले."

एहतराम-खानमनी पेला खाली ठेवला. आवाज झाला नाही, पण सगळ्यांना ऐकू आला. "तूरान-खानम, मी जुनी बाई आहे. रागावू नका. पण माझा एकच मुलगा आहे."

"माझी पण एकच मुलगी आहे," तूरान म्हणाली. "माझी रजई ह्यांच्या हातची आहे. आजही अंगावर घेते मी."

"काय?" अकदस ओरडली. "तुला ठाऊक होतं?"

तूरान वळली. "म्हणजे? तुम्हाला?"

"अगं माझ्या लेकीची, शाहीनची! माझ्या शाहीनची मी उसवली तेव्हा बघितलं, टाके असे पडलेले, वाऱ्यानं गहू झोपतो तसे, उलट्या बाजूला. म्हटलं, माझ्या बहिणीचा हात मला ओळखू येणार नाही? पण तुला कळलं तर तू घर डोक्यावर घेशील म्हणून मी जीभ चावून बसले!"

"मी घर डोक्यावर घेईन? मी? आणि मी तुमच्या भीतीनं गप्प!"

"माझ्या भीतीनं?"

"तुमची तर सगळ्या तुयसरकानाला भीती वाटते आपा!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि आधी अकदसच्या पोटात हसू हललं, मग तूरानच्या खांद्यांत. गेल्या हंगामापासूनची सगळी "या, बसा" त्यात वाहून गेली, निदान आजच्यापुरती तरी. अक्रोडाच्या बागेचं पुढं बघता आलं असतं.

एहतराम-खानम हसल्या नाहीत. त्यांनी मोनीरच्या डाव्या हाताकडे पाहिलं, काळ्या बोटांकडे, सुईकडे.

"परत का आलात?"

हा प्रश्न ह्या घरात कुणी तिला कधी विचारला नव्हता. न विचारण्यालाच सगळ्यांनी माया म्हटलं होतं.

"सासूबाईंना माझा डावा हात खपत नसे," मोनीर म्हणाली. "डाव्यानं वाढलेलं खायच्या नाहीत. एके दिवशी त्यांनी माझा डावा हात रुमालानं कमरेला बांधला. उजव्यानं शिकेल म्हणाल्या. रात्री सोडायच्या, सकाळी बांधायच्या. नवरा बघायचा आणि पेपर वाचायचा. पुष्कळ दिवस मी उजव्यानं गाठ सोडवायचा प्रयत्न केला. मला उजव्यानं जमतच नव्हतं." ती थोडं थांबली. "मग एकदा दातांनी सोडवली आणि घरी आले."

गोलनार चहाचं तबक धरून दारात उभी होती. तिनं तबक तिथंच उंबऱ्यावर ठेवलं.

एहतराम-खानमनी रजईची उघडी किनार तिच्याकडे सरकवली. मग म्हणाल्या, "शिवा बघू. एक कोयरी."

मोनीर उघड्या किनारीपाशी बसली. इतक्या रजया तिनं कडी लावून, एकटीनं शिवल्या होत्या. आज सहा जोडी डोळे होते. पहिला टाका वाकडा पडला, शाळेतल्या पोरीचा पडावा तसा. तिनं तो उसवला नाही. दुसरा सरळ आला, तिसरा त्याच्या मागून. कोयरीच्या शेंड्याला तिनं दोऱ्याला माघारी वळवलं, एकदा, पुन्हा एकदा, आणि सुई काढून घेतली.

एहतराम-खानम पुढे वाकल्या. दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळून त्यांनी ओढलं. मग जोरानं ओढलं. अतलस चुरगळलं, पण दोरा हलला नाही.

"गाठ कुठं आहे?"

"नाही."

"गाठ नाही?"

"गाठ मारायची नसते ना नवरीच्या रजईत."

त्यांनी रजई उलटून अस्तराच्या बाजूनं पाहिलं, बोट फिरवलं. कुठंही लागलं नाही. मागं सरकून त्या भिंतीला टेकल्या, चादोर सावरली, आणि जावांना म्हणाल्या, "बघत काय बसलात? दोरे ओवून द्या त्यांना. ट्रक थांबायचा नाही."

मग बायकांनी दोरे ओवले, मेण लावलं, कापूस सारखा केला, आणि मोनीरची सुई चालत राहिली. अकदसनं पुन्हा गाणं काढलं, तोच पुस घेऊन, आणि ह्या वेळी तिला कुणी टोकलं नाही. गोलनार आत्याच्या खांद्याला टेकून बसली; रजईला हात लावायचा नव्हता, आत्याला लावायला हरकत नव्हती. सरूची चारही झाडं उभी राहिली. गल्लीच्या टोकाला ट्रकनं कर्णा वाजवला आणि रहमत खालून ओरडला, "झालं का गं?" त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

घडी घालताना एहतराम-खानमनी पहिला वाकडा टाका पाहिला. त्यावर अंगठा ठेवला आणि घडी तशीच पुढे घातली.

जिना उतरताना, चार पायऱ्या खाली जाऊन त्या थांबल्या. वर वळून पाहिलं.

"मोनीर-खानम, शुक्रवारी तुम्हीही या. डोक्यावरच्या कापडापाशी."

मोनीरनं तूरानकडे पाहिलं. तिथं परत आलेलीनं उभंही राहायचं नसतं.

"माझी जीभ तुम्हीच शिवा," एहतराम-खानम म्हणाल्या. "ह्या अकदसबाईंनी शिवली तर घाट ओलांडायच्या आतच सुटायची. आणि मी काय बोलून बसेन ते मला ठाऊक आहे."